बांबू फुलला त्या वर्षी

बांबूला फुलं येतात आणि एकदा फुलला की तो मरतो, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. जन्म मात्र कागदात गेला. सांगलीत आमचा वह्यांचा कारखाना आहे. सासऱ्यांनी तो सुरू केला, माझ्या यजमानांनी वाढवला आणि ते अकाली गेल्यावर कागदाची खरेदी माझ्याकडे आली, विक्री धाकटे दीर विलास यांच्याकडे. कागद चिमटीत धरला की तो कसा आहे हे मला कळतं. शाई फुटेल का, उजेडासमोर ढग दिसतील का, दुमडल्यावर चिरेल का, सगळं. तो कागद होण्याआधी कुठल्या डोंगरावर उभा होता, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो नरसिंगरावांनी पाडला. ज्या मोठ्या गिरणीकडून आम्ही बहुतेक कागद घेत असू, तिच्या कच्च्या मालाचे ते प्रमुख. तेलुगू माणूस, पण बांबू तोडणाऱ्यांच्या मुक्कामांवर अर्धं आयुष्य काढल्यामुळे आदिलाबादकडची मराठी बोलणारा. एरवी त्यांचा फोन मालाच्या उशिराबद्दल असायचा. त्या हिवाळ्याच्या शेवटी आला तो वेगळाच.

"अम्मा, तुमी एकदा येऊन बघा. हे फोनवर सांगून समजत नाई."

"काय झालंय?"

"बांबू फुलला."

मी म्हटलं, बरं झालं की. पलीकडे ते काही बोललेच नाहीत. त्या गप्प राहण्यामुळेच मी निघाले.

आदिलाबाद

तेव्हा तेलंगण वेगळं झालेलं नव्हतं. आदिलाबाद आंध्र प्रदेशात, आणि आमच्या बाजूच्या लोकांना ते फार तर नकाशावर ठाऊक. मुदखेडला गाडी बदलून मी लहान रुळाच्या गाडीत बसले. किनवट मागे पडलं तसे डब्यातल्या मराठीत तेलुगू शब्द मिसळू लागले, पण मराठी काही संपली नाही. समोर बसलेली बाई आदिलाबादजवळच्या बेला गावची होती. तिनं माझं गाव विचारलं, मी सांगली म्हटल्यावर "लय दूरच्या तुमी" म्हणाली आणि शिदोरीतली भाकर मोडून माझ्या हातावर ठेवली. आमच्याकडे भाकरी हातावर थापून कागदासारखी पातळ करतात. ही जाड होती, मधोमध मऊ, आणि तिच्यावर तिळाची चटणी. एवढीच खाऊन पोट भरलं.

आदिलाबादच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे चालल्या होत्या. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांमधून उडालेला कापूस लागून राहिला होता. नरसिंगराव स्टेशनवर आले होते. फोनवरच्या आवाजावरून मी भारदस्त माणूस डोळ्यांपुढे आणला होता. प्रत्यक्षात बारीक, उन्हानं रापलेले, खाली बघून बोलणारे. त्यांच्यासोबत कमलताई रामटेके होत्या. मूळच्या बेल्याच्या, उटनूरजवळच्या आश्रमशाळेत शिक्षिका. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा त्यांना येत, म्हणून नरसिंगरावांनी त्यांना शाळेतून रजा काढायला लावली होती.

"जयभीम," त्या म्हणाल्या. "तुमच्याच कारखान्याच्या वह्या आमच्या शाळेत येतात. पोरं वासच घेऊन पाहतात आधी."

जीपमध्ये बसल्यावर नरसिंगरावांनी मला सगळं सांगितलं. इतक्या साध्या शब्दांत, की पुढे मी ते किती जणांना तसंच सांगितलं. एका जातीचा बांबू एका डोंगरावर एकदमच फुलतो, माणसाच्या आयुष्यात एखाद्याच वेळी. फुलल्यावर उन्हाळ्यात त्याचं बी गळतं आणि मग सगळी बेटं वाळून मरतात. पावसात त्या बियांतून नवा बांबू उगवतो. तो मोठा होईतो डोंगर राखावा लागतो.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

"आत्ता हिरवा हाय तोवर तोडला, तर लगदा चांगला निघते. बी पडेपर्यंत थांबलो तर बांबू वाळून जाते, लगदा काळपट. त्याले पांढरा करायचा तर रसायन जास्त लागते, आणि ते सगळं पाणी शेवटी नदीत जाते."

"आणि आत्ताच तोडला तर?"

"तर बी नाई, अम्मा. डोंगर संपला."

"मग थांबा ना."

"मले थांबायचं हाय. गिरणीले नाई. गिरणी म्हणते, काळपट कागद कोण घेईन?"

एवढं बोलून त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. मला इतक्या लांब का बोलावलं आहे, ते मला तेव्हा कळलं.

डोंगराच्या पायथ्याशी

गुडीहत्नूरपासून रस्ता जंगलात शिरतो. गोंडांची केस्लापूरची नागोबाची जत्रा नुकतीच आटोपली होती. पाहुणे घेऊन परतणाऱ्या बैलगाड्या अजून वाटेत भेटत होत्या. पळस पेटल्यासारखा फुललेला. इंद्रवेल्ली आली तशी जीपमधलं बोलणं आपोआप थांबलं. तिथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या होत्या, हे मला वर्तमानपत्रातून माहीत होतं, म्हणून मीही विचारलं नाही. बरंच पुढे गेल्यावर कमलताई एवढंच म्हणाल्या, "इथं लोक जमा झाले की लोकायलेच भेव वाटते. परवा या डोंगरासाठी बैठक हाय म्हणून सांगून राह्यले राव, पण येतीन का लोक, ते काई सांगता येत नाई."

आम्ही ज्या गोंड गावात उतरलो त्याचं नाव गावाच्या पटेलांनी, म्हणजे पाटलांनी, लिहू नका म्हणून सांगितलं होतं, ते मी पाळते आहे. पटेलांचं नाव लिंगू. अंगणात शिरताच त्यांच्या घरच्या एका मुलीनं तांब्याभर पाणी आणून आमच्या पायांवर घातलं. पाहुण्यांनी पाय धुऊन आत यायचं, ही रीत आमच्याकडेही होती. माझ्या लग्नात मी ती शेवटची पाहिली. मग ज्वारीचा गटका आला, म्हणजे भरडलेल्या ज्वारीचं घट्ट शिजवलेलं अन्न, आणि त्यावर तुरीचं पातळ वरण. बोटांनी खड्डा करून त्यात वरण घ्यायचं. मला ते जमेना, वरण मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. बायका हसल्या, आणि त्या हसण्यानं माझं परकेपण थोडं कमी झालं.

दुपारी आम्ही डोंगर चढलो. फुललेला बांबू म्हणजे काही सुंदर असेल असं मी धरून चालले होते. तसं काही नव्हतं. काठ्या अजून हिरव्या होत्या, पण बेटांवर पान उरलं नव्हतं. प्रत्येक पेरावर गवताच्या ओंबीसारखे करडे, काटेरी झुबके, आणि त्यांच्यात मधमाश्यांची सारखी गुणगुण. वारा आला की सगळा डोंगर कोरड्या आवाजानं सळसळे. खालपासून माथ्यापर्यंत एकाच रंगाचा, वाळक्या पेंढ्याच्या रंगाचा डोंगर. तो आजारी दिसत नव्हता. निघायच्या तयारीत दिसत होता.

मी दमून एका बेटापाशी गळून पडलेल्या सालपटांवर बसले. कमलताई ओरडल्या, "नका बसू बाई!", पण तोवर उशीर झाला होता. त्या सालपटांवर डोळ्यांना न दिसणारी लव असते. संध्याकाळपर्यंत माझे दोन्ही हात आणि मान लाल झाली, खाजवून खाजवून जीव नकोसा झाला. लिंगू पटेलांची थोरली बहीण भीमबाई राख आणि तेल घेऊन आली. माझा हात मांडीवर घेऊन ती चोळत बसली. अंगानं वाळलेली, केस पांढरे, पण हाताला जोर. चोळता चोळताच तिनं विचारलं, "तुमी कागदवाले काय?"

मी हो म्हटलं.

"तो डोंगर पायला काय?" तिनं दाराबाहेर हनुवटीनं दाखवलं. फुललेल्या डोंगराच्या शेजारीच दुसरा होता, उघडा. दगड आणि पिवळं गवत, कुठे कुठे एखादं झुडूप. "त्याच्यावर बी बांबू होता. निजामाचं राज होतं तवा, मी परकर घालत होती. असाच फुलला. मंग ठेकेदार आला आन् हिरवाच तोडून घेऊन गेला. जे राह्यलं त्याले आग लागली."

"मग?"

"मंग काय? घराले बांबू नाई, टोपलीले नाई, कुडाले नाई. थोडं बी पडलं ते खाऊन उंदरं झाले लय, त्यायनं मंग ज्वारी खाल्ली. माह्या बापानं गाव सोडलं. आमी किनवटकडं निघालो, परत आलो ते लय वर्षानं. माही माय वाटेनंच राह्यली."

'राह्यली' म्हणजे मेली, हे मला कमलताईंच्या चेहऱ्यावरून समजलं. भीमबाईनं माझा दुसरा हात घेतला आणि तोही तितक्याच निगुतीनं चोळला.

उटनूर

दुसऱ्या दिवशी मी घरी फोन करायला उटनूरला गेले. जंगलपट्ट्यातलं ते तालुक्यासारखं गाव: आदिवासी विकासाच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर अर्ज धरून बसलेली माणसं, बाजारात मोहाच्या टोपल्या, हॉटेलात इडलीबरोबर इतकी तिखट चटणी की डोळ्यांत पाणी यावं. पोस्टात फोन लागेपर्यंत कमलताईंनी मला त्यांच्या शाळेबद्दल सांगितलं. त्यांचे वडील बेल्याला दुसऱ्यांच्या शेतात राबत. "आमाले जमीन नव्हती, म्हणून आमी पुस्तकं धरली," त्या म्हणाल्या. "या लोकायले जमीन हाय, जंगल हाय, पण ते त्यायच्या हातात राहीन याचा भरोसा नाई. म्हणून मी रजा टाकली. राव चांगला माणूस हाय, पण एकल्यानं काय होते?"

फोन लागला. मी विलासभाऊंना सगळं सांगितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "दुकानदार वही उघडून पहिल्यांदा काय बघतो?"

"पांढरेपणा."

"मग झालं तर. काळपट वह्या घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ? आणि बाइंडिंगच्या बायकांचं काय? ऑर्डर गेली तर पहिल्यांदा त्यांना घरी बसवावं लागेल. तुम्हाला डोंगर दिसतोय, मला त्या दिसतात."

हे खरं होतं. त्या बायकांना मीच एकेक करून कामावर घेतलं होतं. शांता, रझिया, धोंडूबाई. त्यांची नावं मनात आली आणि माझा आवाज खाली गेला.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," मी म्हटलं.

"मग म्हणूही नका," विलासभाऊ म्हणाले, आणि फोन कापला गेला. त्यांनी ठेवला की लाइनच गेली, कळलं नाही.

बैठक

लोक आले. गावाबाहेरच्या चिंचेखाली आधी पुरुष आले, मग बऱ्याच वेळानं बायका, आणि त्या थोड्या अंतरावर वेगळ्या बसल्या. वनखात्याचे रेंजर आले. शेवटी गिरणीचे संचालक आले, हैदराबादहून. नरसिंगरावांनी मला बोलावलं तसंच त्यांनाही बोलावलं होतं, आणि ते येतील याची नरसिंगरावांना स्वतःलाही खात्री नव्हती. उंच, पांढऱ्या शर्टातले, घड्याळ न बघणारे गृहस्थ. खुर्ची आणली होती ती त्यांनी बाजूला सारली आणि सतरंजीवर बसले. मला ते बरं वाटलं, पण एवढ्यानं काही ठरत नाही हेही माहीत होतं.

संचालक हिंदीत बोलले, लिंगू पटेल गोंडीत, मी मराठीत. मधे कमलताई. त्यांना दुपारभर घोटभर पाणी प्यायलाही सवड मिळाली नाही.

संचालक म्हणाले, "गिरणीत हजारो माणसं काम करतात. लगदा थांबला तर तीही थांबतात. मी डोंगराचा वैरी नाही. पण मी थांबलो आणि उद्या तुमच्याच जनावरांनी रोपं खाल्ली, मोहाच्या आगीनं बी जळलं, तर मी कशासाठी थांबलो?"

मोहाची आग मला समजली नाही. कमलताईंनी सांगितलं. चैत्रात मोहाची फुलं पडतात, ती वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात. आग कधी कधी हातातून सुटते. इतक्या वर्षांची ती रीत आहे.

लिंगू पटेलांनी ते कमलताईंकडून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जनावराचं मी सांगतो. जनावरं त्या डोंगराकडं जाणार नाईत, पुढचे काई वर्षं. पण मोहफूल बाया वेचतात. त्याचं मी कसं सांगू?"

सगळ्यांनी बायकांकडे पाहिलं. बायका आपसांत गोंडीत बोलू लागल्या. आवाज चढले. एक तरुण बाई रागानं उठून उभी राहिली, पुन्हा बसली. कमलताईंनी हळूच मला सांगितलं, "ते म्हणून राह्यली, झाडून झाडून पाला काढाले कमरा मोडते. साहेब लोकायले सांगाले काय जाते?" बराच वेळ गेला. शेवटी भीमबाई बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण बाकीचे थांबले.

"त्या डोंगरावर पेटवणार नाई. हातानं झाडू. बाकी मोहाखाली आमी आमचं पाहू." मग तिनं संचालकांकडे बोट केलं. "आता तुमी सांगा, तुमी काय देता."

संचालक काही म्हणायच्या आत नरसिंगराव उठले. खाली बघतच बोलले, पण आवाज स्थिर होता.

"साहेब, माझ्या सहीशिवाय तोडीचा हुकूम निघत नाई. यावेळी मी सही करणार नाई. दुसरा माणूस ठेवा आणि तोडा. ते तुमच्या हातात हाय."

रेंजरनं मान वळवली. कुणाला कुठे बघावं कळेना. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेला माणूस सगळ्यांसमोर आपल्या मालकाला असं बोलतो, आणि बोलून झाल्यावर पुन्हा सतरंजीवर बसतो, हे मी बघत होते. संचालक माझ्याकडे वळले.

"तुम्ही आमचं मोठं गिऱ्हाईक आहात. काळपट कागद घ्याल?"

माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा डोंगर नव्हता. बाइंडिंगच्या खोलीतल्या खिडकीपाशी बसून शिवण घालणाऱ्या बायका होत्या. खोटं बोलायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं.

"घरचे नाही म्हणालेत," मी म्हटलं. "माझे दीर विक्री बघतात, त्यांना पटलेलं नाही, आणि त्यांचं चुकीचं आहे असंही मला म्हणता येत नाही. पण खरेदी माझ्याकडे आहे. येत्या हंगामाचा आमचा सगळा कागद त्या वाळल्या बांबूचा असू द्या. जसा निघेल तसा. तो पांढरा करायला जास्तीचं काही ओतू नका. विकायचं कसं ते आम्ही बघू."

"आणि विकला गेला नाही तर?"

"तर मी घरी जाऊन तोंड देईन. तुम्हाला परत पाठवणार नाही."

ते उठले. मग लिंगू पटेलांना म्हणाले, "मला वर घेऊन चला." दोघंच गेले, दुभाष्याशिवाय. एकमेकांची भाषा न येणारी ती दोन माणसं चढणीवर लहान होत गेलेली आम्ही खालून पाहत होतो. उन्हं कलल्यावर ते परत आले. संचालकांच्या पांढऱ्या शर्टावर करडी धूळ होती.

"बी पडेपर्यंत थांबू," ते म्हणाले. "त्यानंतर फक्त वाळलेला. मग डोंगर बंद."

नरसिंगरावांकडे न बघता ते जीपमध्ये बसले. जाता जाता काच खाली करून त्यांना तेलुगूत एक वाक्य बोलले. मी कमलताईंना विचारलं, काय म्हणाले? त्या म्हणाल्या, "असं पुन्हा चारचौघांत बोलू नका, आधी मला सांगत जा, असं म्हणाले." आणि पहिल्यांदाच त्या मोकळं हसल्या.

सांगली, उन्हाळा

हे मी प्रवासात नव्हते तेव्हाचं, पण सांगायला हवं. चैत्राच्या सुरुवातीलाच बी गळलं आणि वाळल्या बांबूचा पहिला कागद आला. भुरकट, मातीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा. त्याला चिमटीत धरला तर मजबूत लागे, शाईही फुटत नव्हती, पण दुकानदार वही उघडत आणि मिटत. शाळांच्या एका मोठ्या संस्थेनं ऑर्डर मागे घेतली. विलासभाऊ गावोगाव हिंडले. घरी आले की जेवत आणि उठत; माझ्याशी बोलत नसत. बाइंडिंगच्या काही बायकांना आम्हाला घरी बसवावं लागलं. रझिया जाताना म्हणाली, "वहिनी, परत बोलवाल ना?" मी हो म्हटलं. पुढे बोलावलं, पण ते पुढे. तेव्हा माझ्याकडे फक्त शब्द होता.

आणि वैशाख सरता सरता कमलताईंचा फोन आला. आग लागली होती. गावाची नव्हे, डोंगराच्या पलीकडच्या अंगानं आली, कशी ते कुणालाच कळलं नाही. वाळलेला बांबू तोडायला गिरणीची माणसं तिथेच मुक्कामाला होती. ती, रेंजरची माणसं, आणि गावातले सगळे बायकापुरुष हिरव्या फांद्या घेऊन धावले. डोंगराच्या मधोमध त्यांनी पट्टा साफ करून आग अडवली. वरचा अर्धा गेला. खालचा अर्धा राहिला. नरसिंगरावांचा उजवा हात भाजला.

जेवताना मी हे विलासभाऊंना सांगितलं. ताटातला हात त्यांनी तसाच ठेवला. "मी येतो पुढच्या खेपेला," ते म्हणाले. मला वाटलं होतं ते म्हणतील, बघा, सांगत होतो ना.

पुन्हा डोंगर

पाऊस लागून जमीन भिजल्यावर आम्ही दोघं गेलो. नरसिंगराव आले होते. हात बरा होता, पण मूठ पुरती मिटत नव्हती. विलासभाऊंनी त्यांना नमस्कार केला. त्यांनी डाव्या हातानं परत केला. गावात पाय धुऊन झाले. मग भात आला, बांबूच्या बियांचा, लालसर, बारीक, गव्हासारखा वास येणारा. खाली सांडलेलं बांबूचं बी बायकांनी झाडून गोळा केलं होतं. थोडं खायला ठेवलं, बाकीचं मडक्यांत राखलं. विलासभाऊ गुमान जेवले. पुन्हा वाढलं तेव्हा नको म्हणाले नाहीत.

डोंगराच्या खालच्या अर्ध्या भागात मेलेल्या बांबूचे खुंट होते आणि त्यांच्यामधून गवतासारखं काही उगवलं होतं. ते गवतच आहे असं समजून मी पाय टाकणार, तोच लिंगू पटेलांनी मला दंडाला धरून थांबवलं. ती रोपं होती. बोटभर उंचीची, पावसाच्या थेंबांनी वाकलेली, इतकी दाट की पाऊल ठेवायला जागा शोधावी लागे. आम्ही एका ओळीत, पटेलांच्या पावलावर पाऊल ठेवत वर गेलो.

साफ केलेला पट्टा ओलांडला की काळी जमीन. तिथे गावच्या बायका आणि गिरणीची काही माणसं वाकून काम करत होती. भीमबाई एका दगडावर बसून मडक्यातून बी वाटत होती. राखलेलं बी वरच्या जळलेल्या भागात टोकायचं चाललं होतं. संचालकांनी गिरणीची माणसं पाठवली होती, मजुरी गिरणीची, बी गावाचं. कुणी भाषण केलं नाही. काठीनं भोक, त्यात दोन दाणे, पायाच्या अंगठ्यानं माती.

विलासभाऊ बराच वेळ बघत उभे राहिले. मग लिंगू पटेलांना विचारलं, "हा तोडायला कधी येईल?"

"तुमचे लेकरं धंदा पाहतीन तवा," पटेल मराठीतच म्हणाले.

विलासभाऊंनी मान हलवली. मला वाटलं, आता ते काही बोलतील, त्या परत गेलेल्या ऑर्डरबद्दल, घरी बसलेल्या बायकांबद्दल. बोलायचा त्यांना हक्क होता. त्यांनी चपला काढल्या, पट्ट्याच्या कडेला नीट जोडून ठेवल्या आणि भीमबाईसमोर ओंजळ धरली. तिनं त्यांच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि ओंजळ भरली.

त्यांना ते जमत नव्हतं. भोकं फार खोल जात होती, एका बाईनं दोनदा येऊन दाखवलं. पँटचे गुडघे काळे झाले. मी थकून बसले, नरसिंगराव बसले, बाकीचे पाणी प्यायला गेले, तरी ते वाकलेलेच होते. बी संपल्यावर कमरेला हात लावत ते सरळ झाले, भीमबाईपाशी आले आणि म्हणाले, "अजून आहे का?"